गाऊन छापला, गुन्ह्याचं नाव गिळलं : जुन्या इंग्रजी गुन्हेवार्तापत्रांतली समलैंगिकता

जुनापाना

नमस्कार मंडळी,

गेले काही महिने रात्रीची जेवणं उरकली की मी लंडनचं एक जुनं साप्ताहिक चाळत बसतो. नाव 'इलस्ट्रेटेड पोलीस न्यूज'. नावात पोलीस असले तरी पोलीस खात्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. १८६४ साली सुरू झालं, शनिवारी निघायचं, किंमत एक पेनी. पहिलं पान म्हणजे चित्रांचा बाजार: खून, फाशी, सर्कशीतून सुटलेली जनावरं, झोपेत छपरावर चालणाऱ्या बायका. 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज' हे खानदानी सचित्र साप्ताहिक १८४२ पासून होतंच, हे त्याचं वाह्यात धाकटं भावंड. वर्तमानपत्रांवरचा स्टॅम्प कर १८५५ मध्ये आणि कागदावरचा कर १८६१ मध्ये उठला, त्यामुळे पेनीत साप्ताहिक काढणं परवडायला लागलं. मालक जॉर्ज पर्केस, कचेरी स्ट्रँडवर. १८८६ मध्ये 'पॉल मॉल गॅझेट'ने वाचकांना विचारलं की इंग्लंडातलं सर्वांत वाईट वर्तमानपत्र कोणतं, तेव्हा हा मान यालाच मिळाला. पर्केसला त्याचं फारसं वाईट वाटलं असेल असं मला वाटत नाही.

आमच्या काकांचा तालुक्याच्या गावी छापखाना होता. ट्रेडल मशीन, खिळ्यांच्या केसेस, लग्नपत्रिकांचे गणपतीचे ब्लॉक. त्यामुळे चित्र दिसलं की मी आधी छपाई बघतो. या पानांवरची चित्रं लाकडी ठशांची. बॉक्सवुड नावाचं कठीण लाकूड आडवं कापून त्यावर कोरायचं. त्या झाडाचं खोड बारीक, मोठा ठसा एका तुकड्यात मिळत नाही, म्हणून लहान ठोकळे एकमेकांना बोल्टने आवळून पानभर ठसा करायचे. सांधा नीट बसला नाही तर चित्रात केसाएवढी पांढरी रेघ उमटते. ती रेघ एकदा दिसायला लागली की सगळीकडे दिसते.

मुद्द्यावर येतो. २८ एप्रिल १८७० च्या रात्री स्ट्रँड थिएटरातून बाहेर पडताना दोन 'बायकां'ना पोलिसांनी धरलं. अर्नेस्ट बोल्टन (वय २२) आणि फ्रेडरिक पार्क (वय २३). मित्रमंडळीत एकीचं नाव स्टेला, दुसरीचं फॅनी. रात्र कोठडीत काढून दुसऱ्या दिवशी त्याच कपड्यांत बो स्ट्रीटच्या मॅजिस्ट्रेटपुढे उभे. बोल्टनच्या अंगात चेरीच्या रंगाचा रेशमी गाऊन, त्याला पांढरी लेस, उघड्या हातांत कंकणं, डोक्यावर टोप आणि वेणीचा अंबाडा. पार्कचा गाऊन गडद हिरव्या सॅटिनचा, खोल गळ्याचा, काळ्या लेसचा, वर काळी लेसची शाल, केस सोनेरी कुरळे, हातात पांढरे चामडी मोजे. ही वर्णनं पेनी-पेपरातलीच नाहीत. 'द टाइम्स'सारख्या भारदस्त पत्रांतही गाऊनची शिवण-न्-शिवण आहे. लग्नाहून आलेल्या मावशीनेही इतकं सांगितलं नसतं.

आता आरोप काय होता ते त्याच बातमीत शोधा. 'अनैसर्गिक गुन्हा', 'किळसवाणा प्रकार', आणि पुरावा रंगात आला की 'पुढील मजकूर छापण्यायोग्य नाही'. झालं, संपलं.

माझं म्हणणं एवढंच आहे. ज्या गोष्टीचं नाव छापता येत नव्हतं, तिच्या जागी या पत्रांनी कपडे छापले. पोलीस न्यूजचं तर पोटच चित्रांवर. खुनाची बातमी असेल तर सुरा काढता येतो, रक्त काढता येतं. इथे काय काढणार? म्हणून गाऊन, खांदे, टोप, शेजारी टोपीवाला पोलीस. पोलिसांनी वेकफील्ड स्ट्रीटवरच्या त्यांच्या खोल्यांतून झगे, पेटीकोट, अंबाडे, हातमोजे, बूट जप्त केले, तर त्या सामानाची यादी हीच बातमी झाली. पेनी देणाऱ्या गिरणीकामगाराच्या, मोलकरणीच्या डोळ्यांपुढे समलैंगिक पुरुष म्हणजे अंगात झगा घातलेला पुरुष, असं समीकरण बसलं, आणि त्यात त्या सांधलेल्या ठशांचा वाटा मोठा आहे असं मला वाटतं.

दहा वर्षांनी तेच. सप्टेंबर १८८० मध्ये मँचेस्टरच्या हल्म भागात टेम्परन्स हॉलवर कॅमिनाडा नावाच्या डिटेक्टिव्हने धाड घातली. हॉल भाड्याने घेतला होता तो गहाणवटदारांच्या कारकुनांच्या संघटनेच्या नावाने. खिडक्यांना काळा कागद. आत सत्तेचाळीस पुरुष, त्यातले निम्म्याच्या आसपास बायकांच्या पोशाखात. अकॉर्डियन वाजवायला मुद्दाम आंधळा माणूस बोलावलेला. दारावरचा परवलीचा शब्द 'सिस्टर'. पोलीस न्यूजने चित्र काढलं ते अर्थातच नाचणाऱ्या झग्यांचं.

आणि मग १८९५. ऑस्कर वाइल्ड हा गाजलेला नाटककार, पुरुषांशी संबंधांवरून कोर्टात. उंच, धिप्पाड, दोन मुलांचा बाप, अंगात उत्तम शिवलेला कोट. काढायला गाऊनच नाही! ४ मे १८९५ च्या पोलीस न्यूजच्या पहिल्या पानावर ओल्ड बेलीतलं कोर्ट आहे, आजूबाजूला जुना अमेरिकेतला व्याख्यानाचा प्रसंग, त्याच्या टाइट स्ट्रीटवरच्या घरातल्या सामानाचा लिलाव. माणसाच्या भोवतीचं सगळं काढलं. मुद्दा कुठेच नाही. गोंधळलेलं पान आहे ते, आणि मला ते फार बोलकं वाटलं.

बाकी तुम्ही बोला.

---

फुकटचा_सल्ला

वाचनखूण साठवली. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

पायरीवरचा

जुपा, लेख छान पण जरा थांबा. कपडे हाच विषय होता हे पत्रांनी ठरवलं नाही, ते फिर्यादीने ठरवलं. तुम्ही खटल्याचा शेवट सांगितलाच नाही.

१८६१ पर्यंत इंग्लंडात या गुन्ह्याला फाशी होती. शेवटचे दोघे जेम्स प्रॅट आणि जॉन स्मिथ, २७ नोव्हेंबर १८३५ ला न्यूगेटपुढे लटकले. १८६१ च्या कायद्याने फाशी जाऊन दहा वर्षं ते जन्मठेप आली. पण त्यासाठी प्रत्यक्ष कृत्य सिद्ध करावं लागे. बोल्टन-पार्कच्या बाबतीत तसा पुरावा नव्हता, म्हणून 'गुन्हा करण्याचा कट' असा आरोप ठेवला. कट सिद्ध करायला काय? पत्रं, फोटो आणि झगे. म्हणून कोर्टातही कपड्यांचा ढीग.

मे १८७१ मध्ये वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये सहा दिवस सुनावणी झाली, लॉर्ड चीफ जस्टिस सर अलेक्झांडर कॉकबर्न यांच्यापुढे (उच्चार 'कोबर्न', लॉ कॉलेजात आम्ही सगळे चुकीचा करायचो आणि सरही करायचे). पोलीस सर्जन डॉ. पॉल याने मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय दोघांची अंगतपासणी केली होती, त्यावरून कोबर्नने ताशेरे ओढले. कट म्हणावा असं काही फिर्यादीला दाखवता आलं नाही. ज्युरीने त्रेपन्न मिनिटांत दोघांना निर्दोष सोडलं. बायकांचे कपडे घालून फिरणं हा एवढ्यावर गंभीर गुन्हा होत नाही, हे कोर्टानेच दाखवून दिलं. दुसऱ्या दिवशी 'टाइम्स'ने खटला फसल्याबद्दल सुटकेचा निश्वास टाकला. इंग्लंडात असं काही असतं हे सिद्धच झालं नाही, म्हणून निश्वास!

आणखी एक गंमत. हा कोबर्न म्हणजे १८६८ च्या हिकलिन निकालाचा कोबर्न. अश्लील काय, तर ज्याने भोळ्या मनाचा वाचक बिघडेल ते. म्हणजे छापण्यायोग्य काय नाही याची पट्टी ज्याने कापली, त्याच्याच कोर्टात हा खटला चालला. ती पट्टी नंतर आपल्याकडे आली. मुंबईतल्या एका पुस्तकविक्रेत्यावरच्या उदेशी खटल्यात १९६४ ला सर्वोच्च न्यायालयाने हिकलिन कसोटी उचलून धरली, आणि २०१४ च्या अवीक सरकार निकालात तिला निरोप दिला. दीडशे वर्षांना फक्त चार वर्षं कमी.

---

जुनापाना

पायरीवरचा, मान्य. शेवट लिहायचा राहिला कारण पोलीस न्यूजची भूक अटकेच्या वेळी जास्त होती. निकालाच्या दिवशी दोघं पुरुषी कपड्यांत होते ना!

त्याच खटल्यातला ह्यू मुंडेल विसरू नका. तोही त्या रात्री पकडला गेला होता, बॅरिस्टरचा मुलगा. त्याने या दोघांना सरे थिएटरमध्ये पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते पुरुषांच्या कपड्यांत होते, आणि याला वाटलं की या पुरुषी कपडे घातलेल्या बायका आहेत. नंतर त्यांनी स्वतः सांगितलं की आम्ही पुरुष आहोत, तरी गड्याचा विश्वास बसेना. हा प्रसंग सगळ्या पत्रांनी चवीने छापला, कारण यात छापण्यासारखं होतं.

---

मँचेस्टरकर

मी इथे एकवीस वर्षं आहे म्हणून एक आगाऊपणा: उच्चार 'हल्म' नाही, 'ह्यूम'. मीही पहिल्या आठवड्यात बसवाल्याला हल्म म्हणून मोकळा झालो होतो, तो दोनदा 'काय?' म्हणाला.

ह्यूममध्ये जुनं बघायला जाल तर पस्तावाल. कामगारांच्या चाळवजा घरांचा तो भाग साठच्या दशकात पाडला, तिथे सिमेंटच्या प्रचंड अर्धवर्तुळाकार इमारती उभ्या केल्या आणि नव्वदच्या दशकात त्याही पाडल्या. टेम्परन्स हॉल म्हणजे दारूबंदीवाल्यांचा हॉल, हे जुपांनी सांगितलं नाही. अर्धी मजा त्यात आहे.

शिक्षा फार झाली नाही. वर्षभर चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र आणि प्रत्येकी पंचवीस पौंडांचे दोन जामीन, पण ज्यांना जामीन मिळवणं जमलं नाही ते आत गेले. पंचवीस पौंड त्या काळी कारकुनाला डोक्यावरून पाणी होतं. आणि नावं पत्ते धंद्यांसकट छापून आले. खरी शिक्षा तीच. शेफील्डहून नाचायला आलेल्या माणसाच्या गावात सोमवारी ते पत्र पोचलं तर त्याने दुकानात कसं जायचं?

कॅमिनाडाने पुढे आठवणी लिहिल्या, इथल्या वाचनालयात आहेत. शहराचा शेरलॉक होम्स म्हणून त्याला अजून मिरवतात.

---

सरळमार्गी

मराठी संस्थळावर दीडशे वर्षांपूर्वीच्या विलायती चाळ्यांवर लेख कशासाठी? आपल्याकडे विषय संपले का?

---

चकली

सरळमार्गी, तुम्ही शीर्षक वाचून आत आलात, चार प्रतिसाद वाचलेत आणि मग लिहिलंत. पोलीस न्यूजचा वाचक असाच असायचा. ;)

जुपा, तुमच्या धाग्यात बायका नाहीत. कायद्यातही नव्हत्या, ब्रिटनमध्ये दोन बायकांमधले संबंध गुन्हा नव्हतेच. मग गुन्हेवार्तापत्रांना बातमी कधी मिळायची? एकतर 'बाई-नवरा' सापडला की. मँचेस्टरमध्येच हॅरी स्टोक्स म्हणून गवंडी होता, दोन लग्नं, भट्ट्या बांधण्यात हातखंडा. १८३८ मध्ये बायकोशी वाद झाला तेव्हा तो जन्माने स्त्री असल्याचं बाहेर आलं, आणि १८५९ मध्ये अर्वेल नदीत त्याचं प्रेत सापडलं तेव्हा पुन्हा सगळ्या पत्रांनी तेच उगाळलं. इथेही कपडेच, फक्त उलटे.

नाहीतर मग खून हवा. अमेरिकेत, मेम्फिस शहरात, २५ जानेवारी १८९२ ला ॲलिस मिचेल या एकोणीस वर्षांच्या मुलीने फ्रीडा वॉर्ड या सतरा वर्षांच्या मुलीचा भररस्त्यात वस्तऱ्याने गळा चिरला. दोघींचं लग्न ठरलं होतं. म्हणजे दोघींनीच ठरवलं होतं! ॲलिसने पुरुषाचे कपडे घालून ॲल्विन नाव घ्यायचं आणि दुसऱ्या गावी जाऊन संसार थाटायचा. फ्रीडाच्या घरच्यांना कळलं, अंगठी परत आली, पत्रव्यवहार बंद झाला.

गंमत म्हणजे अमेरिकन पत्रांना इथे लिहायला शब्द कमी पडले नाहीत. खून होता, वस्तरा होता, प्रेमपत्रं होती. ज्याचं नाव घ्यायचं नाही ते प्रेम त्यांनी थेट 'वेड' म्हणून छापलं, कारण वकिलांनीही बचाव तोच घेतला होता. ज्युरीने तिला वेडी ठरवलं, बोलिव्हरच्या वेड्यांच्या इस्पितळात पाठवलं, १८९८ मध्ये ती तिथेच गेली. म्हणजे पुरुषाच्या बाबतीत झगा छापायचा आणि बाईच्या बाबतीत वेड. तुमचं समीकरण अर्धंच आहे.

---

जुनापाना

चकलीताई, हे मी पाहिलंच नव्हतं. अर्धं तर अर्धं, तुमच्या नावावर दुसरं अर्धं.

---

तिरपागडे

मला वेगळंच आठवलं. ह्यूमची धाड सप्टेंबर १८८० ची. त्यानंतर जेमतेम पाच आठवड्यांनी, ३१ ऑक्टोबर १८८० ला, पुण्यात किर्लोस्करांचं संगीत शाकुंतल रंगमंचावर आलं. शकुंतला पुरुष, प्रियंवदा पुरुष, अनसूया पुरुष. प्रेक्षकांत न्यायाधीशापासून मामलेदारापर्यंत सगळे. कुणी खिडक्यांना काळा कागद लावला नाही.

---

पायरीवरचा

तिरपागडे, टाळ्या घ्या, पण गल्लत नको. रंगमंचावर लंडनलाही चालत होतं. बोल्टन हौशी नाटकांत बायकांच्या भूमिका करायचाच, स्कारबरोला त्याचे प्रयोग झाले, त्या वेषातले फोटो फोटोग्राफरकडे उघड विकले गेले. पडदा पडल्यावर तोच झगा घालून खाली रस्त्यावर आला तेव्हा पोलीस आले. आणि पुण्यातला स्त्रीपार्टी नट प्रयोग संपल्यावर नऊवारीत बुधवारातून फिरला असता तर काय झालं असतं?

उत्तर भारतात काय झालं ते कागदावर आहे. १८८४ चा अलाहाबाद हायकोर्टाचा खैराती खटला. खैराती बायकांच्या कपड्यांत गाताना पकडला गेला, सरकारी डॉक्टरने त्याची तपासणी केली, सेशन्स कोर्टाने कलम ३७७ खाली शिक्षा ठोकली. कधी, कुठे, कुणाबरोबर, यातलं काहीही आरोपात नव्हतं. हायकोर्टाने म्हणूनच सोडून दिलं. बोल्टन-पार्कची कार्बन कॉपी: झगा, डॉक्टर, आणि कृत्याचा पत्ता नाही. आणि ज्या १८७१ मध्ये लंडनची ज्युरी दोघांना सोडत होती त्याच साली इथे क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट आला. त्यात हिजड्यांची नोंदवही ठेवायची तरतूद होती, नोंद झालेल्याने बायकी पोशाखात रस्त्यावर नाचगाणं केलं तर कैद. लंडनमध्ये जे कोर्टात टिकलं नाही ते इथे कायद्यात लिहून टाकलं.

---

उंबरठा

वाचतो नेहमी, लिहित नाही. आज लिहितो.

मी गे आहे. शाळेत असताना, नव्वदच्या दशकात, आमच्या गावच्या वाचनालयात जिल्ह्याचं एक दैनिक यायचं. त्याच्या आतल्या पानावर, बाजारभावाच्या वर, पोलिसांच्या बातम्या. त्यात वर्षातून तीन-चारदा 'अनैसर्गिक' हा शब्द. अनैसर्गिक संबंधातून खून, अनैसर्गिक कृत्यास नकार दिल्याने मारहाण. हे काय असतं ते कळेना. मला आधी वाटलं विजेचा शॉक वगैरे देत असतील. शब्दकोशात बघितलं तर 'निसर्गाविरुद्ध'. मग कधीतरी आपोआप कळलं, आणि कळलं तेव्हा हेही कळलं की हा शब्द माझ्यासाठी आहे.

त्या पानावर माझ्यासारखा माणूस एकतर मेलेला असायचा किंवा पकडलेला. तिसरा प्रकार नव्हता. तरीही मी ते पान रोज उघडायचो, कारण बाकी कुठल्याच पानावर मी नव्हतो. वाचनालयाचे काका एकदा म्हणाले, "बाळ, अग्रलेख वाच रे कधीतरी."

जुपांच्या लेखात 'अनैसर्गिक गुन्हा' वाचलं आणि ते बाजारभाव डोळ्यांपुढे आले. वकीलसाहेबांना प्रश्न: आपल्या पेपरांत तो शब्द आला कुठून?

---

पायरीवरचा

लिहिलंत ते बरं केलंत.

शब्दाचं साधं आहे. दंडसंहितेत कलम ३७७ च्या वर उपशीर्षकच 'अनैसर्गिक अपराधांविषयी' असं होतं. १८६० मध्ये संहिता झाली, १ जानेवारी १८६२ पासून लागू. ठाणे अंमलदार फिर्यादीत कलमाचं शीर्षक उतरवायचा, वार्ताहर ठाण्यात जाऊन फिर्याद उतरवायचा. नवीन शब्द शोधायची गरज कुणालाच पडत नसे. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींमधले संमतीचे संबंध त्या कलमातून काढले, आणि २०२४ मध्ये दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली तेव्हा ते कलमच गेलं. शब्द मात्र पेपरात अजून दिसतो.

इंग्रजीत तरी तो कुठून आला? धर्मशास्त्रातून. ख्रिस्ती माणसांत ज्याचं नाव घेऊ नये तो गुन्हा, अशी लॅटिन ओळ त्यांच्या आरोपपत्रांतच असे. नाव घेऊ नये हा गुन्ह्याच्या व्याख्येचाच भाग होता.

---

मँचेस्टरकर

उंबरठा, इथलेही जुने लोक असंच सांगतात. वाइल्डच्या खटल्याच्या बातम्या वाचून आपल्यासारखे आणखी आहेत हे प्रथम कळलं, असं. पत्रांना असा वाचक अपेक्षित नव्हता.

---

गोदाकाठ

सगळं पेनीवाल्यांवर ढकलू नका. नुसता कपड्यांचा बाजार मांडला त्यांनी. माणसं आत घातली ती प्रतिष्ठित पत्रवाल्यांनी.

१८८५ चा कायदा कसा झाला बघा. जुलै १८८५ मध्ये 'पॉल मॉल गॅझेट'चा संपादक डब्ल्यू. टी. स्टेड याने लंडनमध्ये कोवळ्या मुलींची खरेदी-विक्री होते अशी लेखमाला छापली. एवढी भडक, की डब्ल्यू. एच. स्मिथच्या स्टॉलांनी अंक ठेवायला नकार दिला. लोक खवळले, सरकार हललं, संमतीचं वय तेरावरून सोळा झालं. चांगलं झालं. पण त्याच विधेयकात एका रात्री उशिरा हेन्री लाबुशेर या खासदाराने एक कलम घुसवलं: पुरुषा-पुरुषांमधलं 'घोर अश्लील वर्तन', खासगीत असलं तरी, दोन वर्षांपर्यंत कैद, सक्तमजुरीसह किंवा तिच्याशिवाय. कृत्य सिद्ध करायची कटकटच गेली. आणि हा लाबुशेर कोण? 'ट्रुथ' साप्ताहिकाचा मालक-संपादक. वाइल्डला २५ मे १८९५ ला दोन वर्षं मिळाली ती याच कलमाखाली.

म्हणजे एका संपादकाने वातावरण तापवलं आणि दुसऱ्याने त्यावर आपली भाकरी भाजून घेतली. आणि पोलीस न्यूजला सर्वांत वाईट ठरवणारा तो कौल? तोही स्टेडच्याच पत्राने घेतलेला, वर्षभरानंतर!

लाबुशेरच्या कलमानंतरची मोठी भानगड म्हणजे क्लीव्हलँड स्ट्रीट. १८८९ च्या जुलैत लंडनच्या टेलिग्राफ ऑफिसात चोरीची चौकशी चालू होती. पंधरा वर्षांच्या तारवाल्या पोऱ्याच्या खिशात त्याच्या आठवड्याच्या पगारापेक्षा जास्त पैसे सापडले. कुठून आले विचारलं तर त्याने १९, क्लीव्हलँड स्ट्रीट हा पत्ता सांगितला. तिथे पुरुषांचा कुंटणखाना. तपासाला इन्स्पेक्टर ॲबरलाइन, आदल्या वर्षी जॅक द रिपर या खुन्याच्या मागे होता तोच. गिऱ्हाइकांत युवराजांच्या तबेल्यांचा प्रमुख लॉर्ड आर्थर सॉमरसेट. तो देशाबाहेर सटकला. खाली सापडलेल्या दोघांना मात्र चार आणि नऊ महिने. एका छोट्या पत्राचा संपादक अर्नेस्ट पार्क (बोल्टनचा जोडीदार पार्क नव्हे) याने अर्ल ऑफ यूस्टनचं नाव छापलं, तर अब्रूनुकसानीत त्यालाच वर्षभर आत बसवलं. लाबुशेरने पार्लमेंटात सरकार पांघरूण घालतंय म्हणून आरडाओरडा केला, त्याला सभागृहाबाहेर काढलं.

आणि जुपा, तुमच्या पोलीस न्यूजने यावर चित्रं काढली होती. झगा नव्हता, मग काय होतं? 'वेस्ट एंडमधली लफडी' असा मथळा, कोर्ट, माणसांचे चेहरे. म्हणजे गोंधळ १८९५ चा नाही, १८८९ चाच.

---

जुनापाना

हो. हे माझ्या मांडणीतलं भोक आहे, बुजवायचा प्रयत्न करतो. क्लीव्हलँड स्ट्रीटच्या वेळी त्यांना झग्याऐवजी दुसरं काहीतरी मिळालं: तारवाल्या पोऱ्यांचा गणवेश आणि लॉर्डची टॉप हॅट. गरीब पोरगं आणि श्रीमंत गिऱ्हाईक. ही गोष्ट पेनी देणाऱ्याला लगेच कळते, गुन्हा कळला नाही तरी. वाइल्डच्या वेळीही साक्षीला आलेले मोतद्दार, नोकर, बेकार पोरं यांच्यावर जोर आहेच. म्हणजे झगा गेला आणि वर्ग आला. १८९५ चं पान गोंधळलेलं आहे या मतावर मात्र मी ठाम. तो लिलाव तिथे का आहे याचं उत्तर मला अजून मिळत नाही. घरच्या खुर्च्या विकल्या जाताना बघायला लोक जमले होते, हे काढणं सोपं होतं म्हणून असेल.

---

फुकटचा_सल्ला

पॉपकॉर्न संपले, म्हणून माझी भर. मेक्सिकोत १७ नोव्हेंबर १९०१ च्या रात्री एका खासगी नाचावर धाड पडली. एक्केचाळीस पुरुष, निम्मे झग्यांत. बेचाळिसावा राष्ट्राध्यक्ष दीआझचा जावई होता आणि त्याला सोडलं, अशी बोलवा. पोसादा या चित्रकाराने त्यावर कोरलेलं चित्र रस्त्यावर विकलं गेलं: झुबकेदार मिश्या, खाली घेरदार झगे, जोडीजोडीने नाच. जुपांचा झगा पार समुद्रापलीकडे. तिकडे ४१ हा आकडा पुढे कित्येक वर्षं शिवी होऊन बसला.

---

तिरपागडे

आणि सरळमार्गींना 'आपल्याकडचं' हवं होतं ना? र. धों. कर्व्यांचं 'समाजस्वास्थ्य'. १९२७ पासून निघत होतं. वाचक लैंगिक शंका पत्रातून विचारायचे, कर्वे उत्तरं छापायचे. १९३४ मध्ये मुंबईत अश्लीलतेचा खटला झाला तो अशाच प्रश्नोत्तरांवरून, आणि त्यांत समलिंगी संबंधांबद्दलचाही प्रश्न होता. कर्व्यांचे वकील कोण? डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक प्रश्नांवर लिहिणं म्हणजे अश्लीलता नव्हे, लोक विचारतात तर उत्तर द्यायला हवं, या अंगाने त्यांनी बाजू लढवली, हॅवलॉक एलिस या इंग्रज लैंगिकता-अभ्यासकाचा आधार घेतला. निकाल विरुद्ध गेला, कर्व्यांना दोनशे रुपये दंड.

---

पायरीवरचा

अगदी. आणि एलिसचं याच विषयावरचं पुस्तक लंडनमध्ये विकल्याबद्दल १८९८ मध्ये विक्रेत्यावर खटला झाला होता, त्याच कोबर्नच्या पट्टीखाली.

---

उंबरठा

आमच्या वाचनालयात समाजस्वास्थ्यचे बांधीव खंड होते. कुलपात. किल्ली त्याच काकांकडे.

---

चकली

मागितली होती का कधी?

---

उंबरठा

तेविसाव्या वर्षी. काही न विचारता दिली. म्हणाले, पानं जीर्ण आहेत, सावकाश उलट.

---

सरळमार्गी

कर्व्यांचं माहीत नव्हतं. वाचतो.

---

मँचेस्टरकर

त्या दोघांचं पुढे काय झालं, बोल्टन आणि पार्कचं? कुणी सांगितलं नाही.

---

जुनापाना

पार्क अमेरिकेला गेला, १८८१ मध्ये वारला. बोल्टनने नाव बदललं, अर्नेस्ट बाइन, आणि भावाला बरोबर घेऊन गावोगाव प्रयोग करत राहिला, बायकांच्या भूमिकांचे. १९०४ मध्ये लंडनच्या इस्पितळात गेला. खटल्याच्या वेळी स्टँडांवर पेनी-पेनीला विकल्या गेलेल्या त्याच्या गोष्टी ढिगाने आहेत. नंतरच्या वर्षांतला बोल्टन शोधायचा तर नाटकांच्या जाहिरातींच्या रकान्यात डोळे घालावे लागतात, बारीक टायपात, कोपऱ्यात: अर्नेस्ट बाइन, आज रात्री, तिकीटदर अमुक.